दहाला दहा म्हणजे समान?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आमच्या वस्तीत जुना संडास पाडून दुमजली नवा बांधणार आहेत. कंत्राटदाराने नकाशा दाखवला : पुरुषांना १०, बायकांना १०. बचत गटातल्या आम्ही काही जणींनी कुरकूर केली, तर 'दोघांना सारखेच दिलेत, अजून काय समानता पाहिजे?' असे उत्तर मिळाले. वापरणारे ७०० लोक, निम्मे बायका धरा. आम्ही काय मागावे? (गोवंडी)

कुरकूर रास्त आहे, पण ती आकड्यात मांडा. सामुदायिक शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी मार्गदर्शिकेतले प्रमाण ३५ पुरुषांमागे १ आणि २५ बायकांमागे १ शौचकूप असे आहे. तुमच्याकडे ३५० पुरुषांना १० बरोबर बसतात. ३५० बायकांना मात्र १४ लागतात. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने नकाशात ४ कमी आहेत. (रस्त्यावरच्या सार्वजनिक शौचालयाचे प्रमाण निराळे, ते इथे लावू देऊ नका.)

आता नकाशा पुन्हा उघडा आणि पुरुषांच्या बाजूची समोरची भिंत बघा. तिथे बहुधा मुताऱ्यांची रांग असेल. सहा मुताऱ्या धरल्या तर पुरुषांच्या जागा १६ झाल्या, बायकांच्या दहाच राहिल्या. नुसत्या लघवीला आलेला पुरुष शौचकूप अडवत नाही. बाईला दोन्हींसाठी तेच एक दार. त्यात साडी-सलवार सावरणे, पाळी, कडेवरचे मूल. सकाळी साडेपाच ते साडेसात हे दोन तास गर्दीचे. एकीला आत-बाहेर धरून ५ मिनिटे दिली तर एका शौचकूपावर २४ जणींचा नंबर लागतो. १० शौचकूपांवर २४० जणी होतात, ११० रांगेतच उभ्या राहतात. १४ असतील तर ३३६ जणींचे होते. हे गणित कागदावर लिहून नकाशाला जोडा. 'बायकांना त्रास होतो' या वाक्यावर अभियंता मान हलवतो आणि पुढे जातो. ११० या आकड्यावर त्याला काहीतरी बोलावे लागते.

'जागाच नाही' हे उत्तर येणारच. तेव्हा मुताऱ्यांची रांग आखूड करून मधली भिंत सरकवता येते का, आणि वरच्या मजल्याची वाटणी बदलता येते का, हे विचारा. मात्र बायकांचा पूर्ण विभाग वर नेऊन खाली पुरुषांना मोकळे रान देऊ नका. 'वर आडोसा बरा' असे त्याचे समर्थन होते. पण नवव्या महिन्यातली बाई आणि गुडघे गेलेली आजी बादली घेऊन जिना चढणार कशी? शिवाय पाण्याचा दाब कमी झाला की आधी वरचे नळ कोरडे पडतात. बायकांच्या वाढीव जागा वर काढाव्या लागल्या तरी किमान निम्म्या तळमजल्यावरच हव्यात.

संख्येइतकेच महत्त्व आतल्या बारीकसारीक गोष्टींना आहे, आणि चुका तिथेच होतात. ९० सेंटिमीटर रुंदीच्या खोलीत दार आत उघडले की बादलीला अडते. बाई मग ते अर्धवट लोटून बसते. दार बाहेर उघडणारे घ्या, म्हणजे आत कोणी चक्कर येऊन पडले तरी उघडता येते. त्यासाठी समोरचा बोळ दीड मीटर तरी लागेल. कडी आतून, हात पुरेल अशा उंचीवर आणि आरपार बोल्ट मारून बसवलेली असावी. नुसत्या स्क्रूवरची कडी महिन्या-दोन महिन्यांत निघते. पिशवी आणि ओढणी अडकवायला खुंटी. दिवा प्रत्येक खोलीत हवा. बोळातला एकच दिवा दाराच्या वरच्या फटीतून आत कितीसा येणार? एक खोली रुंद, कमोडची, भिंतीला धरायला दांडी असलेली. आणि बायकांचे प्रवेशदार पुरुषांच्या रांगेसमोर नको. नकाशात हे बाणाने दाखवून घ्या, कारण 'नंतर बघू' म्हटलेले दार बांधून झाल्यावर हलत नाही.

पाणी : प्रत्येक खेपेला साधारण १० लिटर धरा. ७०० जणांच्या एका खेपेला ७ हजार. दुसरी खेप आणि धुलाई मिळून १० हजार लिटरच्या आत भागत नाही. टाकीवर किती लिटर लिहिले आहे ते बघा.

सॅनिटरी पॅडसाठी प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा आणि तो दिवसातून दोनदा रिकामा करणारे माणूस, एवढे पुरते. जाळण्याचे यंत्र बसवायचे असेल तर त्याचे धुराडे छताच्या वर जाते का ते आधी विचारा. धूर शेजारच्या घरात शिरला की भांडण होते आणि यंत्र कायमचे बंद पडते.

मुंबईत नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. त्यात वस्तीची संस्था शौचालय चालवते, वीज-पाण्याचे बिल भरते. या रचनेत खरी सत्ता कुटुंबांना दिलेल्या पासांच्या वहीत आणि चेकबुकात असते. समितीवर चार बायका घेतल्या आणि बँकेत सही करणारे तिघेही पुरुष, हा प्रकार नेहमीचा आहे. तेव्हा सह्यांच्या अधिकारात निम्म्या बायका, हे संस्थेच्या ठरावात घाला. दराच्या पाटीवर लघवीला बायकांनाही पैसे नाहीत हे स्पष्ट लिहून घ्या. २०११पासून मुंबईत 'राइट टू पी' चळवळ याच मुद्द्यावर उभी राहिली : पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, कारण 'आत जाऊन ती काय करते ते कसे कळणार?'

मंजूर नकाशाची प्रत वॉर्ड ऑफिसमधून मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. पण पाया खणायच्या आधी, कारण त्यानंतर हे सगळे गणित फक्त शोभेचे उरते.

घर बायकोच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते म्हणतात. आम्ही दोघांच्या नावावर घेतोय. मिळेल का? (बोरिवली)

नाही. खरेदीदार बाई (किंवा सगळ्या बायकाच) असतील तरच, आणि घर राहण्याचे असेल तर. मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के पडते; ८० लाखांच्या घरावर ८० हजार वाचतात. पूर्वी १५ वर्षे पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३मध्ये काढली. एक सांगावेसे वाटते : सवलतीपुरते नाव बायकोचे आणि कागदपत्रांची फाइल नवऱ्याच्या कपाटात, असे होणार असेल तर वाचलेले ८० हजार हा त्या व्यवहारातला एकच फायदा.

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत आमची इमारत उभी राहिली. सासूबाई गेल्यानंतर परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, मिस्टरांचे नाव लागले. आता ताबापत्र त्यांच्या एकट्याच्या नावावर आले आहे. सेक्रेटरी म्हणतात, 'पात्र तेच आहेत, तुमचे नाव कशाला?' (मालाड)

सेक्रेटरींना विकास नियंत्रण नियमावलीतला विनियम ३३(१०) वाचायला द्या. पुनर्वसनातली सदनिका झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त मालकीची असेल, आणि शेअर सर्टिफिकेटसह सोसायटीच्या सगळ्या कागदांत तशी नोंद होईल, असे तिथे स्पष्ट आहे. त्यापुढचे शब्द जास्त कामाचे : तशी नोंद झालेली आहे असेच मानले जाईल. म्हणजे सोसायटीने नाव गाळले तरी हक्क गेला नाही. पण कागदावर नसलेला हक्क बजावताना दमछाक होते, म्हणून नोंद करून घ्यायचीच.

विवाह नोंदणीचा दाखला (नसेल तर आधी तो काढा, रेशन कार्ड आणि आधार हे पूरक पुरावे), परिशिष्ट दोनमधल्या तुमच्या ओळीची प्रत आणि साधा अर्ज. अर्ज सोसायटीला द्या, पोच घ्या. तीच प्रत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणातल्या सहकार विभागाच्या निबंधकांकडे द्या. सोसायटी पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. वेळ महत्त्वाची आहे : शेअर सर्टिफिकेट छापण्याआधी नाव लावणे सोपे, छापल्यावर दुरुस्तीसाठी ठराव लागतो आणि सभा पुढे ढकलल्या जातात.

अर्ज करताना एक विचार जरूर करा : पहिले नाव कुणाचे? सहकार कायद्यात संयुक्त सभासदांपैकी सर्टिफिकेटवर ज्याचे नाव पहिले, तो सभेला हजर असेल तर मत त्याचे. दुसऱ्याला ते त्याच्या गैरहजेरीत मिळते. दोन नावे लागली म्हणून दोन मते होत नाहीत. मिस्टर रात्रपाळीला असतील आणि सभांना तुम्हीच जात असाल तर तुमचे नाव पहिले लावण्यात काहीच गैर नाही. सोसायटीच्या समितीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, त्याही रिकाम्या ठेवू नका.

नवरा सोडून गेला असेल, किंवा दुसऱ्या लग्नाचा वाद असेल, तर मात्र अर्जावर विसंबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सदनिकेचा व्यवहार थांबवण्याचा आदेश आधी घ्या.

आम्ही मुलींना आणि मुलांना संगणक शिकवतो. परदेशी देणगीदाराने फॉर्ममध्ये 'जेंडर मार्कर' भरायला सांगितला आहे : शून्य, एक की दोन? आमच्याकडे ६० टक्के मुली आहेत, म्हणून सहकारी 'दोन' लिहा म्हणतात. (दादर)

लिहू नका. हा मार्कर विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचा आहे, आणि तो डोकी मोजत नाही. प्रकल्प तपासला पण समानता हे उद्दिष्ट नाही, तर शून्य. समानता हे ठरवून ठेवलेले महत्त्वाचे उद्दिष्ट आहे, पण प्रकल्प त्यासाठीच निघालेला नाही, तर एक. समानता हेच मुख्य कारण, ते काढले तर प्रकल्पच उरत नाही, तेव्हा दोन. तुमचा वर्ग मुलांपुरताही चालला असता ना? मग दोन नाही. आणि 'एक'साठीसुद्धा सुरुवातीला स्त्री-पुरुष परिस्थितीचे विश्लेषण, त्यावरून निघालेले निदान एक लेखी उद्दिष्ट, ते मोजणारा निदान एक निर्देशक आणि मुलगे-मुली वेगळे दाखवणारी आकडेवारी लागते. शून्य हा अपमान नाही. खोटा 'दोन' मात्र मधल्या मूल्यमापनात उघडा पडतो.

प्रामाणिक 'एक'पर्यंत जायचे असेल तर वर्गाच्या वेळेपासून सुरू करा. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. शाश्वत विकास उद्दिष्टांत ५.४ हे लक्ष्य नेमके याच बिनपगारी कामाबद्दल आहे. आता तुमच्या वस्तीत पाणी संध्याकाळी साडेचारला येत असेल आणि बॅच चार ते सहा असेल, तर हजेरीपटात काय दिसेल? पहिल्या महिन्यात मुली भरपूर, तिसऱ्या महिन्यात मुलांपेक्षा कमी. अहवालात कारण लिहिले जाते 'मुलींमध्ये रस कमी'. कारण असते हंडा.

म्हणून नाव नोंदवताना चार प्रश्न विचारा : पाणी कोण भरते आणि कधी, धाकट्याला कोण सांभाळते, घरचा फोन कुणाच्या हातात असतो, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येते. उत्तरे मुली आणि मुलगे वेगळी करून ठेवा. हीच तुमची आधाररेखा, म्हणजे पुढचा बदल जिच्याशी ताडून बघायचा ती सुरुवातीची स्थिती. बॅचची वेळ त्यावरून ठरवा, आईवडिलांच्या सभेतून नाही, कारण तिथे 'काहीही चालेल' हेच उत्तर मिळते.

निर्देशकही बदला. 'प्रशिक्षित मुली : ६०' यावरून मुलीचे काय बदलले ते कळत नाही. त्याऐवजी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी टिकलेल्या मुलींचे प्रमाण, आणि संपल्यावर सहा महिन्यांनी स्वतःच्या एकटीच्या खात्यात पगार घेणाऱ्या किती, हे मोजा. नियोजनशास्त्रात कॅरोलिन मोझर यांनी व्यावहारिक गरजा आणि धोरणात्मक (सत्तेची वाटणी बदलणाऱ्या) गरजा असा भेद वापरात आणला. संगणक येणे ही पहिली. पगार कुठे जातो आणि संध्याकाळी हंडा कोण उचलतो, ही दुसरी. देणगीदार दुसरीबद्दल विचारतो आहे.

अंदाजपत्रकात वर्गाशेजारी मूल सांभाळणाऱ्या ताईचा पगार धरा आणि तो कार्यक्रमाच्या खर्चात दाखवा. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. पाळणाघर चुकून त्या रकान्यात गेले की वर्षअखेरीस पहिली कात्री त्यालाच लागते.

भारताने 'सीडॉ' हा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आहे. मग एखादी बाई थेट संयुक्त राष्ट्रांच्या त्या समितीकडे तक्रार करू शकते का? (अंधेरी)

नाही. १९७९चा हा करार भारताने ९ जुलै १९९३ रोजी मान्य केला, तोही काही कलमांवर निवेदने आणि एकावर 'हे आम्हाला बंधनकारक नाही' अशी राखीव भूमिका नोंदवून. वैयक्तिक तक्रारीची वाट करारात नाही, १९९९च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये आहे, आणि त्यात भारत सामील झालेला नाही. उपयोग दोन ठिकाणी : सरकारच्या अहवालासोबत संघटना आपला पर्यायी अहवाल समितीला पाठवू शकतात, आणि आपल्याच न्यायालयात कराराचा आधार घेता येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो घेतला होता.

आमच्या संघटनेतल्या एका घरकामगार ताईंना मालकाच्या मुलाकडून त्रास होतो. ती इमारत म्हणजे काही कंपनी नाही. लैंगिक छळाचा २०१३चा कायदा लागतो का? (कुर्ला)

लागतो. त्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण आहे आणि घरकामगार हा शब्द नावानिशी आहे. जिथे १०पेक्षा कमी कामगार, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. मुंबईत जिल्हे दोन आहेत हे विसरले जाते. कुर्ला उपनगर जिल्ह्यात येते, त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला. शहर जिल्ह्याचे फोर्टमध्ये. ताई राहतात कुठे यापेक्षा त्या काम कुठे करतात ते बघा.

तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. ताईंना लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचेच काम आहे. सोबत सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. तारखा पक्क्या आठवत नसतील तर 'गणपतीनंतरचा दुसरा रविवार, भांडी घासताना' असे लिहा. अंदाजाने टाकलेली तारीख पुढे उलटतपासणीत खोटी ठरते आणि खरी घटनाही संशयात येते.

घरकामगारांबाबत मोठा फरक असा : तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर समितीने ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. नोकरदार बाईच्या बाबतीत चालणारी ९० दिवसांची चौकशी इथे तशी होत नाही. म्हणून तक्रार देण्याआधी ताईंशी नीट बोला : पोलीस प्रकरण होणार, काम बहुधा जाणार. दुसऱ्या कामाची सोय आणि थकलेला पगार संघटनेने आधी बघावा. सोसायटीतल्या इतर घरांत 'ती कटकटी आहे' असा निरोप फिरतो आणि वॉचमन गेटवर अडवतो, हे इतक्या वेळा घडते की त्याची तयारी तक्रारीइतकीच गरजेची समजा. गेटवर अडवलेच तर तारीख, वेळ आणि वॉचमनचे म्हणणे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंतच्या रस्त्याचे 'सेफ्टी ऑडिट' करायचे आहे. कसे करतात? (भांडुप)

पद्धत टोरोंटोतल्या मेट्रॅक संस्थेने १९८९मध्ये घडवली, आणि ती अजून साधीच आहे. पाच ते आठ जणी, त्यात एक म्हातारी आणि एक शाळकरी मुलगी हवीच. वेळ दिवे लागल्यानंतरची, शक्यतो तुम्ही रोज परतता तीच. दुपारी केलेले ऑडिट फुकट जाते. तासाभरात होईल एवढाच रस्ता घ्या. जिथे पाऊल आपोआप भरभर पडायला लागते तिथे थांबा आणि लिहा : खांबाचा नंबर, दिवा चालू का, पंचवीस पावलांवरचा चेहरा ओळखू येतो का, दुकान किती वाजता बंद होते, फुटपाथ कुठे तुटतो, आडोसा कशाचा.

'असुरक्षित वाटते' असा अर्ज कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. तुमच्याकडे पथदिवे महावितरणचे, पश्चिम उपनगरात अदानीचे, शीव-माहीमच्या आत बेस्टचे. फुटपाथ आणि झाडाची फांदी महापालिकेची. पुलाचा रेल्वेहद्दीतला भाग रेल्वेचा. एका ऑडिटमधून तीन अर्ज निघतात, प्रत्येकात फक्त त्या त्या खात्याचे मुद्दे आणि खांबांचे नंबर. बंद दिव्यांइतकेच झाडात झाकलेले दिवे असतात, आणि ते वीज कंपनीच्या नोंदीत 'चालू' असतात. ते महापालिकेच्या अर्जात, उद्यान खात्यासाठी घाला. महिन्याने त्याच वाराला, त्याच वेळेला, त्याच जणींनी पुन्हा चालून वही भरा.